चपला काढून ऐकलेलं गाणं

ज्या रॉक बँडची गाणी मी कित्येक वर्षं इअरफोन लावून एकट्यानं ऐकली, तो बँड चक्क जालन्यात आला आणि मला काहीच वाटेना. कॉलेजच्या मैदानावर पोरं बेभान नाचत होती. मी मात्र मागं उभा राहून रेकॉर्डिंगमध्ये हे असं नव्हतं, ते तसं नव्हतं, असल्या चुका काढत होतो.

तेवढ्यात पन्नाशीतल्या एक बाई शेजारी येऊन थांबल्या. भाजीच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला काढून पिशवीशेजारी नीट जोडून ठेवल्या, भजनाला बसताना ठेवतात तशा.

मला हसू आलं. "मावशी, हे भजन नाही."

"कळून राह्यलंय मला," स्टेजवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "तूबी काढ की बूट, बाबा. खालून येऊन राह्यलंय."

मी संकोचत बूट काढले. ड्रमचा ठोका पडला आणि तळपायाखालची जमीन थरारली. बास गिटार पोटऱ्यांतून वर चढत छातीपर्यंत आली. शब्दन् शब्द पाठ असलेलं ते गाणं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

गाणं संपल्यावर बाईंनी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि चपला घालून त्या गेल्या.

मी जुन्या जालन्यातल्या घरापर्यंत बूट हातात घेऊन चालत गेलो.