आजीच्या घराचं दार

आमच्या मॅडम कॉम्प्युटरमधल्या माणसांशीसुद्धा बोलल्याशिवाय पुढे जात नसत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत हळदीच्या पेठेमागे एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे त्या शिकवायच्या. क्लास सुटला की एक इंग्रजी गेम लावायच्या. त्यात भला मोठा मुलूख. वाटेल तिकडे भटकायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. आम्ही मुली तलवार उपसून राक्षसामागे धावायचो. मॅडम मात्र लोहाराची, खाणावळवालीची, पुलावरच्या म्हाताऱ्याची विचारपूस करत बसायच्या. राक्षस बिचारा वाट बघून कंटाळत असेल.

शिकवताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी. चिडल्या की त्यांच्या गावची, कडेगावची बोली बाहेर पडायची. त्या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरून पेटी उघडता यायची आणि घरमालक शेजारी उभा राहून तेच ते वाक्य म्हणत राहायचा. "आपल्यात असं असतंय व्हय?" मॅडम स्क्रीनलाच विचारायच्या. "कुनाच्या बी घरात घुसायचं, सामान उचकायचं, आनि वर त्यालाच वाट इचारायची!"

म्हणून त्यांनी स्वतःचा गेम करायला घेतला, तोही मराठीत. क्लासच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. मॅडमनी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक अक्षर बनवलं. मदतीला मी असायचे. एकट्या 'क्ष'नं आमचा घाम काढला.

गेममध्ये एक गाव होतं आणि वैद्याकडून औषध आणायचं, एवढंच काम. पण वैद्याचं घर विचारलं की कट्ट्यावरचा माणूस आधी म्हणायचा, "पाव्हनं कुठलं?" आपण कुठले, कुणाचे ते सांगितलं की मगच वाट दाखवायचा. वेशीजवळ एक आजी राहायची. बाहेरून हाक न मारता तिच्या घरात शिरलं तर ती काही बोलायची नाही. पण थोड्या वेळानं गावातलं कुणीच आपल्याशी बोलायचं नाही. मग परत जाऊन तिला "चुकलं आजी" म्हणायचं, तेव्हा गाव मोकळं व्हायचं.

"मॅडम, हे फार अवघड आहे," मी म्हटलं.

"अवघड कसलं? तुझ्या आजोळी असं शिरून बघ एकदा."

आज मीही गेममधल्या माणसांचे संवाद लिहिते. लिहिताना आजोळची आठवण ठेवावी लागते, ती तेव्हापासून.

मग मालकांनी क्लास बंद करून कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. मॅडमची नोकरी जाणार होती. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीतले साहेब गेम बघायला आले. आवडला तर तो विकला जाणार होता आणि मॅडमना तिथे काम मिळणार होतं. त्यांना ते मनापासून हवं होतं. ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

साहेब बसले, ते थेट आजीच्या घरात शिरले आणि तिची ट्रंक उघडली. मग गावभर फिरले. कुणी बोलेना.

"गेम अडकलाय," साहेब म्हणाले.

"अडकला न्हाई सर, गाव रुसलंय तुमच्यावर. आजीला चुकलं म्हना, बोलत्याल."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "एवढा वेळ कोण घालवणार? ते दार तेवढं मोकळं करा आणि पुढच्या महिन्यात पुण्याला या."

मालकांनी डोळ्यांनी खुणावलं. मी टेबलाखालून मॅडमना पाय लावला. मॅडमनी पदर खोचला.

"बाकी काय बी बदलते सर. आजीचं दार न्हाई."

साहेब चहा पिऊन गेले ते गेलेच. मला मॅडमचा राग आला आणि रडूही आलं.

क्लास बंद झाला आणि मॅडम गावी निघाल्या, तेव्हा गेम ज्यात होता तो जुना कॉम्प्युटर मालकांनी त्यांना देऊन टाकला. मी स्टँडवर सोडायला गेले. बाकीचं सामान टपावर चढलं, पण वाकळेत गुंडाळलेला सीपीयू त्यांनी मांडीवर घेतला.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"मानसं हायेत मास्तर. धक्का लागू दिऊ नका."

मग खिडकीतून मला म्हणाल्या, "लाईट असंल तवा बसनार. गेम पुरा करनार बघ." ते मला सांगायची गरज नव्हती. पण मनात सलत होतं ते मी विचारलंच. "मॅडम, ते एक दार मोकळं केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

इतकी साधी गोष्ट मला कशी कळत नाही, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, म्हातारी एकटी ऱ्हाती त्या घरात."

गाडी हलली. वळणावर हिसका बसला तेव्हा त्यांनी आधी वाकळ सावरली, मग पदर.