गुऱ्हाळावरचा प्रसाद

दुसऱ्यांदा गाठ आली, तेव्हापासून मी देवघराकडे पाठ करून जेवायला बसू लागलो. घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, फक्त सुमनच्या आलं. ती रोजच्यासारखी समईत तेल घालत राहिली, माझ्या वाटणीचाही नमस्कार करत राहिली. आज हे लिहिताना मला त्या दिवसांची लाज वाटते. पण लपवून ठेवलं तर पुढं जे घडलं ते सांगण्यात अर्थ नाही.

आम्ही निमोण्याचे. सुमन माझी बायको. चाळीस वर्षांचा संसार, घरची बागायत, मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. मी दहा वर्षं गावचा सरपंच होतो, नंतर सोसायटीचा चेअरमन. रस्ता अडला, मोटारीचं कनेक्शन अडलं, कुणाच्या पोराचा दाखला अडला, की लोक माझ्याकडे यायचे आणि मी फोन उचलायचो. फोन केला की काम होतं, अशी माझी ख्याती होती. खरं सांगायचं तर गुर्मीही होती. सुमनच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला, तेव्हासुद्धा मी आधी फोनच केले होते.

तिला मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची सवय होती. आमच्याकडच्या कितीतरी बायकांना असते. सकाळी चूल पेटायच्या आधी बोटावर मिश्री. आणि ती पुडी शिरूरच्या बाजारातून आणून देणारा मीच. वीस-पंचवीस वर्षं न चुकता आणली. तिनं कधी मला याचा दोष दिला नाही, पण पहिल्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना माझ्या डोळ्यांपुढं त्या पुडीशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं.

पहिल्या खेपेला आम्ही निभावलो. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, ज्याला आमच्याकडे ‘शेक’ म्हणतात. सुमनचा आवाज थोडा बोबडा झाला, पण ती जेवू लागली, शेतात जाऊ लागली. मी गावजेवण घातलं. अडीच वर्षं बरी गेली. मग एके सकाळी वेणी घालताना तिच्या मानेला हाताखाली गाठ लागली. या खेपेला अर्धी जीभ गेली. मांडीचं मांस काढून तिथं बसवलं. पुन्हा शेक, शिवाय सलाईनमधून औषधं. आमच्या डॉक्टरबाई स्वभावानं सरळ. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, “दुसऱ्या वेळची वाट अवघड असते. आजार आटोक्यात येईल अशी आशा आहे. पण गिळणं परत येईलच असं मी म्हणणार नाही.” मी कुणाला फोन करावा याचा विचार करू लागलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकही नंबर आठवला नाही.

नाकातून पोटात गेलेली एक बारीक नळी, तीच आता तिचं तोंड झाली. सून महिनाभर रजा काढून राहिली, मग मीच तिला परत पाठवलं. ज्या माणसानं कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं तो मी नाचणीची पेज शिजवायला शिकलो. डाळ, भाजी, उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढायचं, फडक्यानं गाळायचं, कोमट असताना मोठ्या सिरिंजनं हळूहळू नळीत सोडायचं, वरून कोमट पाणी. दर दोन तासांनी. ती माझ्याकडे बघत बसायची. एकदा माझ्या हातून पेज करपली तर तिला हसू आलं. हसताना तिनं तोंडावर पदर ओढला. तो पदर मग खाली आलाच नाही. कुणी भेटायला आलं की डोळे तेवढे दिसायचे.

गिळायचे व्यायाम दवाखान्यात शिकवले होते. घट्टसर पदार्थ चमच्यानं थोडा थोडा द्यायची परवानगीही होती. पण घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं न विचारता पाण्याचा घोट घेतला आणि तो श्वासनळीत गेला. ती निळी पडली. मी तिची पाठ थोपटत ओरडत होतो, काय ओरडत होतो तेही आठवत नाही. ती सावरली, पण त्या दिवसापासून चमचा पाहिला की तिचे दात घट्ट मिटायचे, आणि तिचे मिटलेले दात पाहून मलाही आतून हायसं वाटायचं. तीन महिने असे गेले. वजन उतरत चाललं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी महिनाभर बघू, नाहीतर पोटातून कायमची नळी बसवावी लागेल. परत येताना गाडीत सुमन तिच्या बोबड्या बोलीत म्हणाली, “आता पुरं. प्वाटाला भोक पाडून जगायचं न्हाई मला.” दुसऱ्या कुणाला ते शब्द कळले नसते. मला लख्ख कळले.

त्यानंतर आठ दिवसांनी तिनं सिद्धटेकच्या गणपतीला जायचा हट्ट धरला. तिचं माहेर पाटसचं. लहानपणी ती वडिलांबरोबर तिथं जायची. माझ्या मनात देवाबद्दल आढी होती, तरी तिचा शब्द मोडवला नाही. सकाळी लवकर पेज दिली, वाटेतली पेज डब्यात आणि कोमट पाणी थर्मासमध्ये भरून घेतलं आणि निघालो. उसाचे दिवस होते. पाटस ओलांडून दौंडच्या अलीकडे आलो तर रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी झालेली, दोन्ही बाजूंना वाहनांची रांग. मी सवयीनं दोन-तीन फोन लावले. कुणीतरी म्हणालं, तासाभरात क्रेन येईल. मी गाडी मागं घेऊन एका आडवाटेला घातली. वाट पुढं पुढं बारीक होत गेली, आणि दोन्ही बाजूंना नुसता ऊस.

तिथंच नळी तुंबली. पेज द्यायची वेळ झाली म्हणून गाडी थांबवली, सिरिंज लावली तर थेंब पुढं जाईना. अशा वेळी कोमट पाण्यानं हलक्या हातानं नळी मोकळी करायची असते, हे मला माहीत होतं. पण थर्मासचं झाकण नीट बसलं नव्हतं. पाणी पिशवीतच सांडून गेलं होतं. उन्हात बसलेली सुमन, तुंबलेली नळी आणि माझ्या हातात रिकामा थर्मास. गावाचा कारभार हाकलेला माणूस वाटीभर कोमट पाण्यासाठी रडकुंडीला आला होता. तेवढ्यात उसाच्या शेंड्यांवरून धूर दिसला. धुराबरोबर गुळाचा वास आला. जवळ कुठंतरी गुऱ्हाळ होतं.

मी सुमनला धरून गुऱ्हाळाच्या छपरात नेलं. एक सत्तरीकडे झुकलेल्या बाई कढईपाशी उभ्या राहून गूळ करणाऱ्या गुळव्यांना काहीबाही सांगत होत्या. त्या वळल्या, आणि मी जागीच थबकलो. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू आत बसलेली होती. जबड्याचं हाड काढलेलं. मानेवर जुना, पांढरा पडलेला व्रण. पण पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. मी पाणी मागायच्या आधीच त्यांनी सुमनच्या नाकातली नळी पाहिली.

“कवाधरनं हाय ही?” त्यांनी विचारलं. बोलणं जरा जाड, पण स्पष्ट.

“तीन महिने झाले,” मी म्हणालो. “तुंबलीय. कोमट पाणी मिळालं तर...”

“पानी देते की. आन् तोंडानं काय घेती?”

“काहीच नाही. ठसका लागतो. घाबरते ती.”

त्यांनी स्वच्छ भांड्यात उकळून निवलेलं पाणी आणून दिलं. दोन-तीनदा हलकेच ओढल्या-सोडल्यावर नळी मोकळी झाली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि उठायला लागलो, तर त्या सुमनसमोर पाट घेऊन बसल्या. “मी हौसाबाई. माझं नऊ वर्सांमागं झालं,” त्या म्हणाल्या. “मलाबी असंच भ्या वाटायचं, पोरी. पान्याला भ्यावं, ते बरुबरच हाय. पानी पळतं. काकवी पळत न्हाई, घसरत घसरत जाती.” आणि त्यांनी वाटीत निवलेली काकवी आणली. उसाचा रस आटत आला, पण अजून गूळ झालेला नाही, असा तो मधासारखा पाक.

मी मध्ये पडलो. “बाई, ठसका लागला तर? इथं डॉक्टर नाही, काही नाही.”

हौसाबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “दाक्तरनी चमच्यानं द्याया मना केलंय का?”

“नाही. घट्टसर द्या म्हणालेत. पण...”

“मग दादा, तुम्ही जरा भाईर बसा. रागावू नगा. तुमच्या डोळ्यातलं भ्या तिच्या घशात उतरतंय.”

इतक्या वर्षांत मला कुणी असं उठवलं नव्हतं. मी सुमनकडे पाहिलं. तिनं मान हलवली, जा म्हणून. मी बाहेर येऊन वाळत घातलेल्या चिपाडांच्या ढिगाजवळ बसलो. आतून हौसाबाईंचा आवाज येत होता, “हनुवटी छातीला लाव. अशी. आता दम धर. गीळ. पुन्यांदा गीळ, मोकळंच. आता खाकर.” मग ठसका ऐकू आला. मी ताडकन उठलो. दोन पावलं गेलो आणि थांबलो. हाताच्या मुठी वळल्या होत्या. मी त्या सोडल्या आणि पुन्हा जाऊन बसलो. तेवढंच केलं मी. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं. किती महिन्यांनी कुणास ठाऊक, मी हात जोडले. हिला बरी कर, असं म्हणालो नाही. म्हणालो, “देवा, माझ्या हातात आता काही नाही. तुझ्या हातात काय आहे ते तू बघ.” डोळे वाहत होते आणि मला ते पुसावेसेही वाटले नाहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आतून हसण्याचा आवाज आला. दोन बायका हसत होत्या, त्यातलं एक हसणं मी ओळखत होतो. मी आत गेलो. चमचा सुमनच्या स्वतःच्या हातात होता. तिनं माझ्यादेखत हनुवटी खाली घेतली, गिळलं, पुन्हा गिळलं, खाकरली आणि मान वर करून म्हणाली, “ग्वाड हाय.” तिच्या ओठावर काकवी लागली होती आणि पदर खांद्यावर होता. मी हौसाबाईंच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मागं सरकून मला हातानंच थांबवलं.

त्या दिवशी आम्ही सिद्धटेकला गेलोच नाही. सुमन दमली होती. दर्शन चुकलं म्हणून तिला वाईट वाटेल, असं मला वाटत होतं. गाडी निमोण्याच्या रस्त्याला लागल्यावर मी तसं म्हणालो. ती डोळे मिटून टेकून बसली होती. म्हणाली, “पोचलो की आपून.”

दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात फोन करून सगळं सांगितलं. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई हसल्या. “आम्ही पहिल्या दिवसापासून हेच तर सांगत होतो काका!” ते खरंच होतं. शब्द तेच होते. पण ते त्याच वाटेनं जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकावे लागतात, हे आम्हाला कळायचं होतं. दिवसाला चार चमच्यांवरून वाटीवर आलो. काकवी, मग घट्ट पेज, मग मऊ खिमट. ठसके लागले, दोनदा ताप आला, एक आठवडा तर सगळं थांबवावं लागलं. मी समोर बसून टक लावणं सोडलं. ती जेवताना मी खुशाल ज्वारी निवडत बसायचो. दोन महिन्यांनी दवाखान्यात क्ष-किरणांच्या पडद्यावर तिचं गिळणं पाहिलं. औषधाचा काळा घोट जिभेवरून मागं सरकला, क्षणभर थांबला आणि उसाला बारं देताना पाणी बरोबर आपल्या सरीत वळावं तसा अन्ननलिकेत उतरला. श्वासाच्या वाटेवर एक थेंब नाही. डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी नाकातली नळी ओढून काढली. पुढच्या तपासणीत गाठही कुठं दिसली नाही, त्यापुढच्याही नाही. आज या गोष्टीला दीड वर्ष होत आलं.

नळी निघाल्यावर आम्ही हौसाबाईंची ओटी भरायला गेलो. गप्पांमध्ये त्या म्हणाल्या, “त्या दिशी माझा पाय सुजला व्हता. मी गुऱ्हाळावर येनारच नव्हते. सून म्हनाली, मी जाते. मग कुनास ठावं, वाटलं आपनच जावं.” त्यांनी ते सहज सांगितलं आणि चहा ठेवायला उठल्या. ट्रॉली का आडवी झाली, झाकण का सैल राहिलं, पाय सुजलेली बाई घराबाहेर का पडली, याची उत्तरं मला कुणी मागितलेली नाहीत आणि ती माझ्याजवळ नाहीत. आता सुमन दर तपासणीला दवाखान्यात लवकर जाते. नळी लावून बसलेली, तोंड झाकलेली एखादी बाई दिसली की तिच्याशेजारी जाऊन बसते आणि आपला पदर खाली घेते. बाहेरच्या माणसाला तिचं बोलणं अजून पटकन समजत नाही. त्या बायकांना समजतं.

यंदा गावच्या भैरवनाथाच्या उत्सवात दुपारची पंगत बसली. मी वाढप्यांत होतो, हातात वरणाची बादली. सुमन बायकांच्या ओळीत मांडी घालून बसली, सगळ्यांसारखी पत्रावळ पुढं घेऊन. भात आणि वरण कालवून, एकेक घास, हनुवटी खाली, दोनदा गिळून. ओळीतल्या बाकीच्यांचं केव्हाच आटोपलं. आमच्याकडे पंगतीतून कुणी मध्येच उठत नाही. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. तिच्या शेजारची म्हातारी म्हणाली, “जेव बाई, सावकाश जेव. आम्हास्नी कुठं जायाचंय?” आणि ती सगळी ओळ, लेकुरवाळ्यांसकट, खरकटे हात तसेच धरून बसून राहिली. सुमननं शेवटचा घास घेतला, गिळला आणि मान वर केली. मग कुणीतरी देवाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि अख्खी पंगत एकदम उठली.

मी बादली खाली ठेवून देवळाच्या पायरीवर टेकलो. देवाकडे मी आयुष्यभर मागत आलो, आणि मागताना कसं द्यायचं तेही सांगत आलो. तो मात्र मी उठून बाजूला होण्याची वाट पाहत होता. माझ्यासारख्या रुसलेल्या माणसालाही त्यानं ताटकळत ठेवलं नाही. हे ऋण फिटणारं नाही आणि फिटावं असं मला वाटतही नाही.