गाऱ्हाण्याचं पॅकेज

माझ्या नवऱ्याला, रविराजला, जगभरातली पोरं ‘सर’ म्हणतात. घरात मात्र हाक मारली तर ऐकू येत नाही. कानांवर हेडफोन, समोर लॅपटॉप, बोटं चालू. मालवणच्या दक्षिणेला, एका अंगाला खाडी नि दुसऱ्या अंगाला दर्या, अशा आमच्या वाडीत बसून हा माणूस पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो. ते काम दुपारपर्यंत उरकतं. उरलेला सगळा दिवस फोरमवर. फोरम म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा. तिथे एक जण विचारतो, एक जण सांगतो आणि बाकीचे भांडतात.

कशावरून भांडतात तेही ऐका. मोजायला शून्यापासून सुरुवात करावी की एकापासून. ओळीच्या आधी मोकळी जागा किती सोडावी. दोन गोष्टी सारख्या आहेत का हे तपासायला ‘बरोबर’चं चिन्ह दोनदा काढावं की तीनदा. एकदा जेवताना मी विचारलं, “आज कोणावांगडा झगडलास?” तर म्हणाला, “हैदराबादचो एक आसा गो. तेका तीन ‘बरोबर’ पटनत नाय.” मी म्हटलं, “माझ्यासारकी बायल आसती तर तेका एकव ‘बरोबर’ गावला नसता.” खूप हसला. तेव्हा हसायचा तो.

सगळ्यात जास्त रडारड पॅकेजची. पॅकेज म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा, तो आपल्या प्रोग्रामात बसवायचा. पण एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तिसऱ्याचं व्हर्जन बदललं की पहिलं बसायचं नाव घेत नाही. मग कुठलंतरी पोर अडकतं आणि फोरमवर येऊन रडतं. रवीचं उत्तर ठरलेलं: सगळं उडव आणि कोऱ्यावर पुन्हा इन्स्टॉल कर. शेकडो लोकांना त्याने हेच सांगितलं असेल आणि शेकडो लोकांचं काम झालं असेल. आमच्या घराचा घात मात्र याच एका वाक्याने केला.

माझे सासरे बाळा तांडेल. रापणीचे म्होरके. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं ते मोठं जाळं. दोन्ही दोरांवरच्या माणसांना एका दमात ओढायला लावायचं, तर लाटांच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि मामंजींचा आवाज चढायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान आमच्या घराचा. मी आरोंद्याची, माझ्या माहेरीही गाऱ्हाणं घालतात, पण असं मी ऐकलं नव्हतं. मामंजी देवाला नुसतं ‘सांभाळ’ म्हणायचे नाहीत. आमच्या समोरच्या दर्यातला एकेक खडक नावाने घ्यायचे, आणि मग दर्यात राहिलेली, परत न आलेली माणसं, एकेक, नावाने. प्रत्येक वाक्याला अख्खी वाडी “व्हय म्हाराजा!” म्हणायची. हे कुठे लिहिलेलं नाही. मामंजींनी ते बापाच्या तोंडून उचललं, बापाने त्याच्या बापाच्या. मामंजींना स्वतःला सहीपुरतं लिहिता येतं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी रवीने बापाला फोनसमोर बसवलं आणि एकेक शब्द भरून घेतला. ‘चाय दी.’ ‘पंखो लाव.’ ‘माका नको.’ ‘आवशीक खाव!’ ही शेवटची शिवी मामंजींनी आपणहून भरली, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त वापरली. अख्खं गाऱ्हाणंही भरलं. रवीने त्याचं एक पॅकेज बनवलं, त्याला नाव दिलं ‘बाळा’, आणि पडवीत मामंजींच्या खाटेजवळ टच स्क्रीनचा जुना लॅपटॉप ठेवला. चित्रावर बोट ठेवलं की मामंजी बोलायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटायचा.

पौर्णिमेला तो लॅपटॉप किनाऱ्यावर न्यायचे, गणपतीच्या मंडळाचा स्पीकर लावायचे आणि मामंजींचं गाऱ्हाणं पाण्यावर जायचं. मामंजी शेजारी उभे राहून ओठ हलवायचे. पहिल्या वर्षी वाडीतली बाई न् बाई रडली. शेवंतीकाकू तर वाळूत बसलीच. तिचा घोव म्हणजे नवरा वादळात गेला तो सापडलाच नाही. वर्षातून एकदा, त्या गाऱ्हाण्यात, त्याचं नाव चारचौघांत घेतलं जातं.

मी तेव्हाच रवीला म्हटलं होतं, “ओ, ऐकतास मां? तां तुमी तोंडपाठ करून घेवा.” मामंजींनीही खुणेने किती वेळा सांगितलं, आधी स्वतःच्या गळ्यावर हात, मग रवीच्या. रवीचं एकच. “फायलीत आसा मां? मगे कित्याक?”

या वर्षी आषाढात फोरमवर पेटलं. प्रोग्राम लिहायच्या भाषेचं नवं व्हर्जन आलं होतं आणि रवी जुनं वापरणाऱ्यांना धारेवर धरत होता. ‘जुनाट’, ‘आळशी’, काय काय लिहीत होता. तेवढ्यात सुशांत नावाच्या कोणीतरी लिहिलं, “सर, तुमचं ते ‘बाळा’ कुठल्या व्हर्जनवर चालतं?” झालं! ते जुन्यावरच चालत होतं. चार लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. रवी लालेलाल. “उद्या संध्याकाळपर्यंत नव्यावर आणून दाखवतो,” असं लिहून उठला आणि पडवीतून मामंजींचा लॅपटॉप उचलून आत घेऊन गेला. मामंजी हाताने विचारत राहिले, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, “काय नाय, दुरुस्ती आसा.”

नव्या व्हर्जनवर आवाजाचं पॅकेज बसेना. दुसरा दिवस त्यातच गेला. चहा गार झाला, जेवण गार झालं. शेवटी त्याने तेच केलं जे सगळ्यांना सांगायचा. सगळं उडवलं. एक ओळ लिहिली, बटण दाबलं, फोल्डर साफ. आणि मामंजींचे आवाज त्याच फोल्डरच्या पोटात होते. पॅकेजच्या आतच ठेवले होते त्याने, हाताशी बरे म्हणून. दुसरीकडे कॉपी? नाही. ज्या फोनवर भरले तो बॅटरी फुगली म्हणून केव्हाच भंगारात गेला होता. लोकांना ‘बॅकअप घ्या’ सांगून सांगून याची बोटं झिजली होती!

मी आत गेले तर तो स्क्रीनकडे बघत बसला होता. म्हणाला, “वर्षाली, बाबा गेले.” धावत पडवीत आले, तर मामंजी खाटेवर बसून कोळंबी सोलत होते. मग मला कळलं. शिरा पडली त्या फोरमवर! मी रवीला जे तोंडाला येईल ते बोलले.

कुडाळच्या दुकानदाराने सांगितलं, असल्या डिस्कवरचं पुसलेलं परत येत नाही. आम्ही आमच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला. मामंजी त्यात आहेत, तोंड भरून बोलतायत, पण वर गाणं टाकलेलं. वाडीतल्या पोरांनी पौर्णिमेचे व्हिडिओ आणून दिले. त्यात वारा आणि ढोल. लॅपटॉप पडवीत परत आला, त्यावर चित्रं होती, आवाज नव्हते. मामंजी चहाच्या चित्रावर बोट ठेवायचे, थांबायचे, मग जोरात ठेवायचे. आपलंच बोट चुकतंय असं वाटायचं त्यांना. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी चित्रांना हात लावणं सोडलं.

रवीने शेवटी फोरमवर लिहिलं. भांडण नाही, काही नाही. ‘माझ्या वडिलांचा आवाज माझ्या हातून पुसला गेला’, एवढंच. आणि उत्तर आलं ते त्या सुशांतचं. त्याने रवीचा फार जुना प्रश्न उकरून काढला होता. पॅकेज बनवताना आवाज फाटतो म्हणून रवीने तेव्हा मदत मागितली होती आणि नमुन्याला एक फाइल जोडली होती. सुशांतने लिहिलं, “सर, एवढीच मिळाली. मला माफ करा.”

रवीने पडवीत आणून ती लावली. मामंजींचा आवाज, वैतागलेला, भुकेला: “झाला मां? आता बंद कर तां. जेवूक चल, जेवान निवता.” संपली. मामंजी स्क्रीनकडे बघत राहिले. रवीने त्या एका वाक्याचं बटण करून दिलं. बाकीची चित्रं काढून टाकली.

पौर्णिमा आली. ढोल वाजत मंडळी दारात आली तेव्हा मामंजी नवं धोतर नेसून तयार होते. किनाऱ्यावर त्यांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ रवीच्या हातात दिला आणि त्याला पाण्यासमोर उभं केलं.

“बा देवा म्हाराजा,” रवीने सुरुवात केली. आवाज बारीक, पण आला.

“व्हय म्हाराजा!”

पहिली दोन वाक्यं गेली. तिसऱ्यात खडकांची नावं. दोन घेतली, तिसऱ्याला अडखळला. मागून कोणीतरी पुरवलं. मग माणसांची नावं आली. लोक चारी बाजूंनी सांगायला लागले, हा ऱ्हवलो, तो ऱ्हवलो, आणि रवी गोंधळला, एक नाव दोनदा घेतलं, एका जिवंत माणसाचं घेतलं. कोणी हसलं नाही. शेवटी त्याने हात जोडून टाकले.

शेवंतीकाकू पुढे आली. रागावली नव्हती. “माझो ऱ्हवलो रे, बाबा,” एवढंच म्हणाली. घोवाचं नाव ती स्वतः घेत नाही, आणि रवीला ते आठवेना. जगाची उत्तरं माहीत असलेला माझा नवरा, आणि त्या म्हातारीला द्यायला त्याच्याकडे एक नाव नव्हतं. मीही ते दरवर्षी ऐकलेलं, पण माझ्या ध्यानात नुसतं ‘काका’.

मागून कोणी नाव पुरवायच्या आत मामंजींनी रवीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि सत्यवानाला दिला. सत्यवान दुसऱ्या भावकीतला. तो नको नको म्हणत होता, मामंजींनी त्याची बोटं नारळावर मिटवली. सत्यवानाने त्यांच्या घरचं गाऱ्हाणं घातलं. चांगलं घातलं. शेवंतीकाकूच्या घोवाचं नाव त्याने घेतलं, ते होतं विठोबा. पण तो मान आमच्या घरातून गेला, तो आता परत येत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर रवी कपडेही न बदलता लॅपटॉप उघडून बसला. मी डोकावले. कोणाचातरी प्रश्न होता, पॅकेज बसत नाही म्हणून. रवीने ‘सगळं’ एवढा शब्द लिहिला होता आणि तिथेच थांबला होता. मी पानं वाढली, हाक मारली. उठला नाही.

मग पडवीतून आवाज आला, “झाला मां? आता बंद कर तां. जेवूक चल, जेवान निवता.”

रवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ढसाढसा रडायला लागला. मी त्याच्याजवळ गेले नाही, मला जमलं नाही. थोड्या वेळाने मामंजींनी पुन्हा बटण दाबलं.