डब्यातल्या सात स्प्रिंगा

रूपराव मिस्त्रीचं गॅरेज कारंज्यात हायवेला लागून आहे. पाटी नाही, पण ट्रकवाले अमरावतीपासून त्याचं नाव विचारत येतात. घर शेतकऱ्याचं. दोघे भाऊ शेतीत राहिले, हा दहावी झाल्यावर इंजिनाखाली शिरला तो अजून तिथेच आहे. आता साठीला टेकला आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू सावंगीच्या दवाखान्यात काढला, दुसरा अजून तसाच आहे. आम्ही एका वर्गात होतो, म्हणून शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे चहाला जातो.

रूपरावची एक रीत सगळ्या तालुक्याला माहीत आहे. गाडीतला जो भाग बदलला, तो जुना भाग मालकाला परत करायचा. समोर मोजायचा, फडक्यात बांधायचा, गाठ मारून हातात द्यायचा. "जुनं तुमच्या हाती, नवं गाडीच्या पोटी," असं तो म्हणतो. त्याची बायको शकुबाई यावर चिडते. "गिऱ्हाइकाले पुरचुंड्या वाटते अन् घरी रिकाम्या हातानं येते," म्हणते. पण न बदलता पैसे घेतले, असं रूपरावबद्दल आजवर कोणी बोललेलं नाही.

यंदा जानेवारीत, पहिल्या शनिवारी, मी बसलेलो असताना भूपेंद्र आला. कापड दुकानवाल्या हिरालालजींचा धाकटा मुलगा, वय चोवीस. पांढरी गाडी नवीच घेतली होती, म्हणजे जुनीच, पण त्याच्या थोरल्या भावाकडे होती अगदी तशी. थोरला हितेंद्र तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात गेला. धावती गाडी एकाएकी जागीच थांबली आणि मागच्या ट्रकला आवरता आलं नाही.

भूपेंद्रने बाकावर एक लांबट पुडकं ठेवलं. आत हितेंद्रच्या गाडीतला कॅमशाफ्ट होता.

"काका, हा दादाचा. माह्या गाडीत बसवून द्या."

रूपरावने हात लावला नाही. कोरडेच हात पुन्हा फडक्याला पुसले.

"कायले पाहिजे तुले हा?"

"दादाची गाडी उभी असली तरी घोड्यावानी थरथरे. मले तोच आवाज पाहिजे."

"अरे बाप्पा, थरथरते म्हणजे पोट दुखते तिचं. हा शर्यतीचा दांडा आहे. पाच हजार फेऱ्यांच्या वर गेल्याशिवाय यात जीव येत नाई. तुले बाजारातून दुकानात जायचं, मधात सात ब्रेकर."

"नाई म्हनत असान तर नागपूरले जातो. तिथं कोनी विचारत नाई."

"महिनाभर दे मले," रूपराव म्हणाला.

भूपेंद्र गेल्यावर त्याने आतल्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला. "माह्या डोळ्याचा भरोसा नाई. तू मोज."

डब्यात व्हॉल्व्हच्या सात स्प्रिंगा होत्या. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह दाबून उघडतो आणि ही स्प्रिंग तो परत मिटवते, एवढं मला त्याच्याकडे बसून कळलं आहे. थंडी चांगली पडली होती, गॅरेजमधला प्रत्येक पाना गार होता. डबा मात्र कोमट लागला. उन्हात ठेवला होता का, असं मी विचारलं. त्या फळीवर ऊन येत नाही, असं तो म्हणाला.

मी एकेक मोजली. सातही सत्तेचाळीस पूर्णांक सहा मिलिमीटर.

रूपरावने दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं दाखवलं. हितेंद्रच्या मोडक्या इंजिनातून काढल्या त्या दिवशी ४८.२. त्याखाली तीन वर्षं दर दिवाळीला ४८.२. मग भूपेंद्रने गाडी घेतली तो आठवडा, ४८.०. त्यापुढे ४७.८. आज ४७.६.

"पडून राह्यलेली स्प्रिंग उंची सोडत नाई," रूपराव म्हणाला. "सोडते ती चालनारी."

"मग या कुठे चालल्या?"

शेवटच्या आकड्याच्या बराच खाली त्याने खडूने आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ४६.५. "याच्याखाली गेली का स्प्रिंग कामातून जाते. त्या दिवशी जी तुटली, आठवी, तिचे दोन तुकडे जोडून मोजले होते. येवढेच भरले."

पुढचे दोन शनिवार मी न चुकता गेलो. ४७.३. मग ४७.०. डबा आधीपेक्षा गरम. मधल्या दिवसांत रूपरावने कोइंबतूरच्या एका दुकानाची यादी मागवली होती. इंग्रजी असल्यामुळे ती मी वाचून दाखवली. तीन कॅमशाफ्ट होते. सगळ्यात मोठा हितेंद्रने घेतलेला. रूपरावने सगळ्यात लहान निवडला, खालच्या वेगालाच ओढणारा, गाडी उभी असताना शांत ठेवणारा.

"अन् त्याच्याच जोडीच्या स्प्रिंगा. एकाच खोक्यात. लिही त्याले, येगयेगळं पाठवू नको. स्प्रिंग नसन तर दांडाबी नको."

हे तो तीनदा बोलला.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी खोकं आलं. भूपेंद्रने नवा कॅमशाफ्ट उचलून पाहिला आणि हसला. "काका, हा तर बाबूजीच्या स्कूटरवानी चालन. राहू द्या. सोमवारी नागपूरले नंबर लावला म्या. दादाचाच बसवतो."

"स्प्रिंगा कोनत्या टाकनार?"

"आहे त्याच. खाली वायसरच्या चकत्या टाकून ताठ करतो म्हने तो."

भूपेंद्र गेल्यावर मी स्प्रिंगा मोजल्या. ४६.६. हातात धरवत नव्हत्या, फडक्याने धराव्या लागल्या.

"चाल माह्यासंगं," रूपराव म्हणाला. सातही स्प्रिंगा त्याने त्याच फडक्यात बांधल्या आणि गाठ मारली.

हिरालालजींचं घर दुकानाच्या मागेच आहे. यशोदाबाई, त्यांची पत्नी, ओसरीवर गहू निवडत होत्या. भूपेंद्र जेवायला बसला होता. रूपराव पायरीवरच थांबला आणि त्याने पुरचुंडी पुढे केली.

"वहिनी, हे तुमचं. तीन वर्सं उशीर झाला."

यशोदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आमच्या जुन्या जीपच्या साऱ्या पुरचुंड्या माह्याजवळ आहे, रूपरावभाऊ. फळीवर ठेवल्या. हितूच्या गाडीचं काम केलं तवा तेवढी आली नाई. मी त्याले म्हटलंबी, मिस्त्रीनं जुनं सामान काऊन नाई देलं? थो म्हणे, इसरले असन."

"इसरलो नाई. जुना दांडा होता, पन जोडीच्या स्प्रिंगा द्याले नव्हत्याच. त्या गाडीतच होत्या."

मग तो पायरीवर बसून सगळं बोलला. कॅमशाफ्ट आधी आला, स्प्रिंगा मागून येणार होत्या. हितेंद्रला दुसऱ्या दिवशी लग्नाला अमरावतीला जायचं होतं. "हौ काका, चार दिवस चालवून घ्या," असं तो म्हणाला, आणि रूपरावने ऐकलं. जुन्याच स्प्रिंगा घासलेटात धुतल्या, खाली वायसर घालून ताठ केल्या. दांडा मोठा, त्याचा दाब जास्त. वायसरने जागा खाल्ली. वेग वाढला तशा वेढ्यावर वेढे बसले, एक तुटली, व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला, इंजिन जाम झालं. "लोक ट्रकवाल्याले दोष देतात. म्याबी देऊ देला. इंजिन खोललं म्याच. पाहिलं म्याच."

भूपेंद्र ताटावरून उठला होता. उष्टा हात तसाच. "अन् नागपूरवाला बी वायसरच टाकनार," तो हळू म्हणाला. ते रूपरावला नव्हतं, स्वतःला होतं.

यशोदाबाईंनी हात पुढे केला. रूपरावने गाठ सोडली, एक दोन करत सात मोजल्या, पुन्हा बांधल्या आणि पुरचुंडी त्यांच्या ओंजळीत ठेवली. चटका बसेल म्हणून मी पुढे झालो, पण त्यांनी ती ओटीत घेतली होती.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आवाज आला. बारीक, टिक्. थोड्या वेळाने पुन्हा, टिक्. लांबून आलेली गाडी दारात लावली, इंजिन बंद केलं, की गार होताना पत्रा वाजतो, तसा. आवाज ओटीतून येत होता. भर दुपार होती, समोर दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. तरी तो आम्ही चौघांनीही ऐकला.

"दादा आला का असाच वाजे," भूपेंद्र म्हणाला. "मी अभ्यास करत बसलो राहो. पाहाले उठावंच नाई लागे."

टिक् लांबत गेलं. एकदा आलं, मग बराच वेळ नाही, मग एकदा. यशोदाबाई पुरचुंडीवर हात ठेवून बसल्या होत्या, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. शेवटी काहीच आलं नाही.

"थंड झाल्या," त्या म्हणाल्या. रूपरावकडे त्यांनी पाहिलं नाही. "भूपा, किल्ली दे त्याइले."

भूपेंद्रने डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि पायरीवर ठेवली. रूपरावने ती उचलली नाही. आधी विचारलं, "वहिनी, याच्या गाडीच्या जुन्या आठ निघतीन. कोनाच्या हाती देऊ?"

"माह्याच हाती," यशोदाबाई म्हणाल्या. "मोजून."