सरळ तारेचं गणित

उजव्या हाताची मूठ, तिच्यातून सरळ वर आलेला अंगठा, आणि प्रश्न: "करंट वर चाललाय. बोटं कुनीकडं वळली?" नगरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मामा दारातच अडवून हे विचारत. उत्तर आलं नाही तर म्हणत, "आपलीच बोटं हायेत, बगा की." आणि हसून आत सोडत.

मामा प्रयोगशाळेचे परिचर. गाव तिसगाव, शिक्षण सातवी, अंगात कायम खाकी शर्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे नवी प्राध्यापिका म्हणून लागले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला होकायंत्राजवळून लांब केलं.

"बाई, केसातल्या पिना काढा."

"का हो?"

"सुई तुमच्याकडं बगायलीय."

खरंच, सुई माझ्या डोक्याकडे वळली होती. लोखंडाशी त्यांचं वैरच होतं. किल्ल्या, चाकू, सायकलच्या क्लिपा, सगळं दाराशी काढून घेत. एकदा प्राचार्यांची छत्रीसुद्धा त्यांनी बाहेर ठेवायला लावली. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पगार एका कामाचा आणि जीव भलत्याच कामात.

एका दुपारी मुलं गेल्यावर ते घुटमळत माझ्या टेबलापाशी आले. "बाई, तारंतनं करंट गेला की सुई फिरती, हे मी वीस वर्सं बगतोय. पन किती फिरंल हे तुमाला आदीच कसं कळतं?"

मी सूत्र सांगितलं. लांब सरळ तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र म्हणजे करंट भागिले अंतराची पाचपट; करंट अँपिअरमध्ये, अंतर सेंटिमीटरमध्ये, क्षेत्र गॉसमध्ये. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र निम्मं. हे त्यांना पटकन पटलं, पण दशांशचिन्हाने छळलं. पहिल्याच गणितात त्यांनी ते एक घर सरकवलं आणि क्षेत्र दसपट करून ठेवलं. "टिंब हाललं की घात हाय," म्हणत त्यांनी पाटी पुसली. चार महिने रोज अर्धा तास आम्ही बसलो. पुढे एका तारेऐवजी दोन तारा घेऊन बेरीज-वजाबाकीही ते करू लागले. एखादं उत्तर बरोबर आलं की पाटी माझ्यापुढे धरून लहान मुलासारखे उभे राहत.

पुढच्या वर्षी बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला तो प्रसंग घडला. पाथर्डीकडची एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जायचे, आणि ती चुलत्याकडे राहून शिकत होती. हे वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, हे तिनेच मला सांगितलं होतं. तिच्या वाट्याला नेमका सरळ तारेचा प्रयोग आला. पाच अँपिअर करंटला तारेपासून वीस सेंटिमीटरवर क्षेत्र पाच शतांश गॉस यायला हवं. तिचं तीन शतांश आलं होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही टेबलावर टाकली. "हे आकडे मनाने लिहिलेत."

"नाही सर, सुई तिथंच थांबली," ती कशीबशी म्हणाली.

मी तिथेच उभी होते. मला कारण कळत नव्हतं, आणि मोठ्या माणसापुढे बोलायचं धाडसही नव्हतं. ते आजही सलतं.

मामा पुढे आले. परीक्षेत परिचराने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता.

"साहेब, पोरीचे आकडे खरे हायेत. चूक माजी हाय."

करंट बॅटरीकडे परत नेणारी तार नेहमी जमिनीवरून लांब सोडलेली असे. मुलं तिच्यात अडखळत, म्हणून मामांनी आदल्या दिवशी ती पहिल्या तारेमागे तीस सेंटिमीटरवर, लाकडी चौकटीला उभी बांधली होती. त्यांनी खडू उचलला आणि परीक्षकांसमोर काळ्या टेबलावर मांडलं: "ह्या तारंत करंट वर, म्हनून पाच शतांश. मागच्या तारंत खाली. ती सुईपास्नं पन्नास सेंटिमीटर, म्हंजे दोन शतांश, आन् तेबी उलट्या दिशेनं. पाचातनं दोन गेले, राहिले तीन."

परीक्षकांनी खिशातून पेन काढून स्वतः हिशेब केला. मग वहीतल्या दहा सेंटिमीटरच्या नोंदीचा केला. तोही जुळला. पेन बंद करून त्यांनी मुलीकडे पाहिलं. "बस. पाणी पी," एवढंच म्हणाले.

मुलगी पास झाली. मामांना मात्र परीक्षेत हस्तक्षेप केल्याचा मेमो मिळाला. तो इंग्रजीत होता. मीच वाचून दाखवला. "माज्या गनिताबद्दल काय लिवलंय का?" त्यांनी विचारलं. काही नव्हतं. त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. तिसगाववरून जाणाऱ्या पाथर्डीच्या गाडीत बसल्यावर खिडकीतून त्यांनी हाक मारली. "बाई, एक राहिलंच. सूत्रात आपन तार लांबच लांब धरतो. पन तार कुठंतरी संपतीच की. तिच्या टोकापाशी किती भरतं?"

"सांगते," मी म्हणाले. गाडी हलली होती.

उत्तर अवघड नव्हतं. पण पेपर तपासणी, लग्न, बिऱ्हाड यांत सहा महिने गेले. मग एका रविवारी मी पोस्टकार्डावर आकृती काढून सगळं सोप्या भाषेत लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरांत: "टोकापाशी बरोबर निम्मं."

आठवड्याने उत्तर आलं. अक्षर त्यांच्या मुलाचं होतं. वडील मागच्या महिन्यात गेले. कार्डावरचं गणित घरात कोणाला समजलं नाही, पण बाईंचं पत्र आलंय म्हणून आईने ते देवघरात ठेवलं आहे.