सीटचा खटका

दादाची जुनी गिअरची सायकल नव्याने उभी करायला घेतली. ब्रेक, चेन, टायर, सगळं बदललं. सीटच्या दांड्यावर मात्र माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ अजून होती. दुपारी दादा झोपला की मी सीट खाली करून टेकडीवर पळायचे आणि परतल्यावर ती बरोब्बर त्या रेघेवर आणून ठेवायचे. आधी पान्ह्याशी झटापट व्हायची. मग दादाने तिथे हाताने उघडणारा खटका बसवला आणि माझं फावलं. लहानपणीच्या चोऱ्या किती बेमालूम वाटतात!

"ताई, तुमचे दादा एकटेच चालवायचे ना ही?" मेकॅनिकने विचारलं. "मग हा खटका कशाला बसवला?"

मी रेघेवरून बोट फिरवत राहिले. दादाला स्वतःसाठी ती सीट कधीच हलवावी लागली नव्हती.