फुलवाल्याच्या कुत्र्याचे मागचे पाय

मी कुत्र्यांना चालायला शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात. अमरावतीत आमच्या गल्लीत मला अजून ‘कुत्र्याची मालीशवाली’ म्हणतात. म्हणोत बापडे. शिकले मी माणसांची फिजिओथेरपी, पण माणसं फार कुरकुर करतात. रोज सकाळच्या गाडीने मी अकोल्याला जाते. तिथे जनावरांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या माझ्याकडे आहेत. एकीत रबरी चटया, दुसरीत पाण्याची टाकी. जमिनीवर ज्याला पाय उचलता येत नाही त्याला कमरेइतक्या पाण्यात उभं केलं की अंगाचं वजन हलकं होतं, आणि पाय हळूहळू हलायला लागतात.

कुत्र्यांशी मी गोड बोलते, मालकांशी नाही. एकदा अमरावतीच्या एका घरच्या लॅब्राडोरला थोडी सुधारणा दिसली आणि मी मूर्खासारखी ते घरात सांगून बसले. झालं! त्यांनी पेढे वाटले, व्यायाम बंद केला, व्हिडिओ काढायला म्हणून त्याला जिना चढवला. पंधरा दिवसांत ते कुत्रं पुन्हा खाली बसलं ते कायमचं. तेव्हापासून मी एक नियम केला. कुत्रं स्वतः उभं राहून दाखवत नाही तोवर मालकाला चांगली बातमी द्यायची नाही. विचारलं की म्हणायचं, ‘अजून काही नाही, व्यायाम करा.’ माणूस घाबरलेला असला की सांगितलेलं करतो. नियम चालत होता आणि मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

मग एक म्हातारा आला, अकोल्याच्या पलीकडच्या खेड्यातला. झेंडू आणि शेवंतीचं शेत. फुलं बाजारात न्यायच्या टोपलीत कुत्रं घालून ऑटोने आला होता. तांबूस गावठी कुत्रं, एक कान फाटलेला. शेतात रानडुक्कर शिरलं, हे त्याच्या आडवं गेलं आणि डुकराने उचलून फेकलं. एक्स-रेत हाड शाबूत होतं. मणक्यातली नस दबून सुजली होती, त्यामुळे कमरेखालचं सगळं गेलं होतं. पुढच्या दोन पायांवर ते स्वतःला पोत्यासारखं ओढत होतं.

“चालन का, बाई?” त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

“मी काय ज्योतिषी आहे? सांगते तेवढं करा.”

आणि त्याने केलं. शिकल्या-सवरल्या मालकांनी त्याच्या पाया पडावं असं केलं. सकाळ-संध्याकाळ मागचे पाय सायकलसारखे फिरवायचे, बोटांच्या मधली कातडी चोळायची, पोटाखाली स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा घालून त्याला उभं धरायचं. त्याला लघवी होत नव्हती, ती पोट दाबून काढावी लागायची. हे बहुतेकांना किळसवाणं वाटतं. म्हातारा दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा चांगलं करायला लागला. करताना त्याच्याशी बोलायचा. “होऊ दे लेका, लाजू नको. मीच हाओ ना.” कुत्रं मान त्याच्या गुडघ्यावर टाकून पडायचं. घरात दुसरं कोणी नव्हतं त्याच्या. हे त्याने सांगितलं नाही, मला ऑटोवाल्याकडून कळलं.

फक्त एक खोड होती त्याला. दर खेपेला विचारायचा. टाकीतून काढलं की विचारायचा, अंग पुसलं की विचारायचा, ऑटोत बसता बसता पुन्हा उतरून विचारायचा. “काई फरक हाये का, बाई?” माझं डोकं उठायचं.

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. म्हातारा बाहेर नळावर दुपट्टा पिळत होता. मी नेहमीसारखा लोखंडी चिमटा हातात घेतला आणि त्याने कुत्र्याच्या मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. कातडीला कळतं का ते बघायचं नाही, खोल हाडाला दुखतं का ते बघायचं. एरवी काही होत नसे. त्या दिवशी त्याने मान वळवली, ओठ वर केला आणि माझ्या हाताला दात लावले. मी दुसरं बोट दाबलं. ते कळवळलं.

आमच्या धंद्यात याहून मोठी गोष्ट नाही. ज्याला दुखतं ते चालतं. चार आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, पण चालतं. मला आनंद झाला. एकटीच हसले मी.

म्हातारा आत आला. “काई फरक हाये का, बाई?”

“काही नाही.”

तो चटईवर खाली बसला. मग म्हणाला, “खरं सांगा, बाई. म्हातारा हाओ म्हून लपवू नका.”

दसरा बारा दिवसांवर होता. झेंडूवाल्याला दसऱ्याआधी जेवायला फुरसत नसते. हा आता व्यायामात चुकारपणा करणार, अशी माझी खात्री होती. म्हणून मी म्हटलं, “दसऱ्यापर्यंत उभा नाही राहिला तर माझ्याकडे आणूच नका. मग हा असाच घासत घासत मरणार.”

असं म्हटलं मी. या शब्दांत. तो “बरं” म्हणाला आणि कुत्र्याला टोपलीत घालून गेला.

शनिवारी तो आला तेव्हा आधी वास आला. जळलेल्या केसांचा आणि हळदीचा. म्हातारा दारातूनच हसत होता. इतका हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“ओरडला, बाई! असा ओरडला का अर्धं गाव जमा झालं!”

मी टोपलीवरचा दुपट्टा काढला. कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या. तापवलेल्या विळ्याने दिलेले डाग. वर हळद आणि तेल थापलेलं. कडेची कातडी आक्रसून पांढरी पडली होती.

लंगडणाऱ्या बैलाला असा डाग देतात आमच्याकडे. सांध्यावर तापलेलं लोखंड ठेवलं की आतली धरलेली नस मोकळी होते, असं जुनी माणसं मानतात. बैलाला देतात, गाईला देतात. कुत्र्याला दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“माया बैलाले देल्ता,” तो सांगत होता. “सात वर्सं औताले चालला तो त्याच्यानंतर. तुमीच म्हटलं ना, दसऱ्यापर्यंत. मले वाटलं, टाइम नाई आता. मंग गोवऱ्या पेटवल्या. पह्यल्या डागालेच ओरडला! म्हंजे पायात जीव हाये, बाई. म्हंजे चालन आता!”

“धरलं कोणी त्याला?”

“म्याच धरला. दुसऱ्या कोनाले चावला असता. मले नाई चावला.”

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहायची माझी हिंमत नाही. कसाई म्हटलं. बह्याड म्हटलं, अक्कल नसलेला म्हटलं. तुझ्या कमरेवर विळा ठेवते म्हणजे कळेल, असंही म्हटलं, एकेरीत, बापाच्या वयाच्या माणसाला. बाहेर बाकावर पग घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्या आत डोकावून बघायला लागल्या. मला तेही बरं वाटलं. बघू दे म्हटलं सगळ्यांना. म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली आणि उभा राहिला. एकदाच तोंड उघडलं त्याने. “बैलाले देतो आमी, म्हून देल्ला.”

ओरडता ओरडता मला मंगळवार आठवला आणि मी गप्प झाले. त्याला वाटलं मी दमले. त्याने मला पाण्याची बाटली पुढे केली.

जखमा चिघळल्या. त्याचं टाकीत उतरणं बंद झालं. गावात माश्या बसतील म्हणून कुत्रं मी दवाखान्यातच ठेवून घेतलं. रोज मेलेली कातडी काढायची, मलम, पट्टी. फुलं तोडून, बाजार करून म्हातारा एक दिवसाआड यायचा, दूध-भाकर घेऊन. बाहेर त्याचा आवाज आला की कुत्रं भिंतीला अंग लावून थरथरायचं. मी म्हणायचे, दुखतंय त्याला. तो भाकर कुस्करून ठेवायचा आणि लांब बसायचा. तो गेल्यावर कुत्रं खायचं.

दिवाळी होऊन गेली. कातडी धरली, पण फुल्यांवर केस आले नाहीत. एका दुपारी मी त्याला चटईवर बसवून पाय चोळत होते. दार उघडलं आणि म्हातारा आत आला. कुत्र्याने त्याला पाहिलं आणि ते उठलं. चारही पायांवर. लटपटलं, सावरलं आणि सहा-सात पावलं चालत टाकीच्या मागे जाऊन उभं राहिलं.

“चालला!” म्हातारा ओरडला. “बाई, चालला व! चालला माया गडी!” आणि दोन्ही हात पुढे करून त्याच्याकडे गेला.

कुत्रं कोपऱ्यात आणखी मागे सरकलं आणि उभ्या उभ्या मुतलं. म्हातारा थांबला. हात तसेच पुढे होते. “मी हाओ ना रे,” तो म्हणाला. “मी हाओ.” ते माझ्या पायांमागे येऊन लपलं.

त्याने हात खाली घेतले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “डाग देल्ला म्हूनच चालला ना, बाई?”

हो म्हणता आलं असतं. काय बिघडलं असतं? तेवढंच त्याच्या हाताशी उरलं असतं. पण मला वाटलं, याला आता तरी खरं सांगावं. मोठी खरं बोलणारी मी!

“नाही,” मी म्हटलं. “डाग दिला नसता तरी चालला असता. त्याच्या आधीच्या मंगळवारीच पायात जीव आला होता. मी तपासलं होतं.”

“तुमाले मालूम होतं?”

“हो.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

पेढे, जिना, व्हिडिओ, तो लॅब्राडोर, सगळं ओठांपर्यंत आलं आणि या माणसापुढे त्यातलं एक अक्षर बोलायची मला लाज वाटली. तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

मग त्याने टोपली उचलून बाहेर ऑटोत ठेवली. कुत्रं त्याच्याजवळ जाईना. ओढायला तो तयार नव्हता. शेवटी मीच ते उचललं आणि मागच्या सीटवर टोपलीत ठेवलं. म्हातारा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसला, एक पाय बाहेर. मी त्याला मागे बसा म्हटलं, पडाल म्हटलं.

“मले भेते ते,” तो म्हणाला, आणि गावापर्यंत मागे न बघता तसाच बसून गेला, असं ऑटोवाल्याने मला नंतर सांगितलं.